गाडी सुरू करू नका

संध्याकाळी घरी पोचलात की गाडी लावा, इंजिन बंद करा आणि उतरू नका. चावी खिशात असू द्या. मोबाइल बाजूच्या सीटवर पालथा टाका. सोसायटीचा वॉचमन एकदा डोकावून जाईल, त्याला हात करा. मग पाठ सीटला टेकवा आणि पाय पेडलवरून काढून घ्या.

आजच्या मननाचा विषय तुमच्या गुडघ्यांपासून वीत-दोन वीत अंतरावर आहे. स्टिअरिंगच्या खाली, फ्यूजच्या पेटीला खेटून, किंवा काही गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, एक काळी प्लास्टिकची पेटी बसवलेली असते. आकाराने एखाद्या जाड डायरीएवढी. तिच्या अंगात तारांचे जाडजूड जुडगे शिरलेले असतात. कंपनीच्या पुस्तकात तिला बॉडी कंट्रोल मॉड्यूल म्हणतात, गॅरेजमध्ये नुसतं बीसीएम. इंजिनचा हिशेब बघणारी पेटी वेगळी, ब्रेकची वेगळी, एअरबॅगची वेगळी. बाकी जे काही तुमचा हात रोज मागत असतो ते सगळं हिच्याकडे: दिवे, काचा, व्हायपर, कुलपं, हॉर्न, इंडिकेटर आणि चावीची ओळख. गाडी कोणत्या कंपनीची, किती सालची, यावर तपशील बदलतील. मी गेल्या दहाएक वर्षांतली साधी पेट्रोल हॅचबॅक डोळ्यांपुढे ठेवून बोलतो आहे. पेटी काही दिसत नाही, त्यामुळे डोळे मिटायचीही गरज नाही.

सुरुवात छताच्या दिव्यापासून करू. दार उघडा. दिवा लागला. आता दार लावून घ्या आणि दिव्याकडे बघत राहा. तो लगेच जात नाही. थोडा वेळ तसाच राहतो, मग मंदावत मंदावत विझतो.

जुन्या गाडीत असं होत नसे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी आठवून बघा, किंवा 1983 साली आलेली मारुती 800. दाराच्या चौकटीत स्प्रिंगवरचं एक बोंड असायचं. दार लागलं की ते आत दाबलं जाई, दिव्याचं अर्थिंग तुटे आणि दिवा त्याच क्षणी जाई. दार आणि दिवा यांच्यामध्ये एक तार होती, तिसरं कोणी नव्हतं. आता दाराच्या कुलपातला छोटा स्विच पेटीला एवढंच कळवतो की दार लागलं. पुढे काय करायचं ते पेटी ठरवते. ती दिव्याचा पुरवठा सेकंदाला शेकडो वेळा तोडते आणि जोडते. जोडलेला वेळ हळूहळू कमी, तुटलेला वेळ हळूहळू जास्त. तुमच्या डोळ्याला हा तुटक कारभार दिसत नाही, त्याला फक्त मंदावणं दिसतं. पुन्हा एकदा दार उघडून लावा. या वेळी दिवा मंदावताना स्वतःला सांगा की तो आत्ता शेकडो वेळा विझतो आहे आणि शेकडो वेळा लागतो आहे. डोळा मानणार नाही. मानू नका म्हणावं, चालेल.

आता उजवा हात दारावरच्या काचेच्या बटणाकडे न्या. बोट टेकवा, दाबू नका.

या बोटाखाली काय आहे? पद्मिनीत इथे हँडल होतं. ते फिरवलं की दातेरी चक्र फिरे, कात्री उघडे, काच चढे. काच किती जड जाते आहे ते मनगटाला कळे. तुमच्या बोटाखाली आत्ता फक्त एक अर्ज आहे. काच चढवताना मोटर पाच-सहा अँपिअर ओढते, पण तो करंट या बटणातून जात नाही. बटणातून जातो तो जेमतेम दखल घेण्यापुरता करंट. बटण दाबणं म्हणजे ‘काच वर करावी ही विनंती’ असं लिहून खिडकीतून आत सरकवणं. आत छाननी होते. चावी लावलेली आहे का? नसेल तर चावी काढून किती वेळ झाला, मधल्या काळात ड्रायव्हरचं दार उघडलं होतं का? मागच्या काचा बंद ठेवायचं बटण दाबलेलं आहे का? कोणी पोरगं मगापासून काच वरखाली करत बसल्याने मोटर तापली आहे का? सगळं जुळलं तर अर्ज मंजूर. हे सगळं इतक्या झटकन होतं की काच आपणच चढवली असं तुम्हाला वाटतं. (साध्या हॅचबॅकमध्ये मागच्या काचांच्या बटणांतून अजूनही मोटरचा करंट थेट जातो. तिथे अर्ज नाही, जुना रोखठोक व्यवहार आहे.)

आता दाबा. गाडीने ऐकलं तर ऐकलं. नाही ऐकलं, तर मगाशी तुम्ही दार उघडलं होतं ते पेटीच्या लक्षात आहे.

ड्रायव्हरच्या काचेला एका दाबात पूर्ण चढायची सोय असेल तर त्या चढण्याकडे नीट लक्ष द्या. काच चढत असताना कोणीतरी मोजतं आहे. मोटरच्या दांड्यावर एक लहानसं चुंबक आहे, त्याच्या शेजारी चुंबक ओळखणारा सेन्सर. दांडा फिरतो तसे ठोके पडतात आणि ठोक्यांवरून काच नेमकी कुठे आहे ते कळतं. काही गाड्यांत ही मोजणी मोटरलाच चिकटवलेली छोटी पेटी करते आणि मोठ्या पेटीला एका तारेवरून निकाल कळवते. ठोक्यांमधलं अंतर अचानक वाढलं तर मधे काहीतरी अडलं आहे. हात असेल, पोराची मान असेल. नियम असा की फट 4 मिलिमीटर ते 200 मिलिमीटर असताना अडलेल्या वस्तूवर 100 न्यूटनपेक्षा जास्त दाब पडता कामा नये. म्हणजे साधारण दहा किलो वजनाएवढा. त्याच्या आत काच थांबून खाली आली पाहिजे. अगदी वरचे 4 मिलिमीटर मात्र सूट, कारण तिथे काचेला रबरात जोर लावून शिरायचंच असतं. रबराचा अडथळा आणि बोटाचा अडथळा यांतला फरक मोजणाऱ्याला कसा कळतो? फक्त जागेवरून. जागा कळते ठोक्यांवरून, आणि ठोके कुठून मोजायचे ते लक्षात ठेवावं लागतं. बॅटरी काढली की कित्येक गाड्या ही जागा विसरतात. मग काच एका दाबात चढत नाही, टप्प्याटप्प्याने चढते. बटण वर ओढून काच पूर्ण मिटवायची, मिटल्यावरही दोन-चार सेकंद बटण सोडायचं नाही. तेव्हा तिला आपलं टोक पुन्हा सापडतं. बॅटरी बदलून आणल्यावर ‘गॅरेजवाल्याने काच बिघडवली’ म्हणून भांडायला जाणाऱ्यांनी आधी हे करून बघावं.

इथे थोडं थांबू. बोट काढून मांडीवर ठेवा.

आपला हात आणि गाडी यांच्यामध्ये कोणीतरी बसलेलं आहे, हे कळल्यावर काय वाटतं ते बघा. काहींना बरं वाटतं, पोराची मान वाचते. काहींना चीड येते. मला दोन्ही वाटतं, आणि दिवसाच्या वेळेनुसार त्यांचं प्रमाण बदलतं. 1 जुलै 2019 पासून आपल्याकडे नव्या गाड्या 80 च्या वर गेल्या की अधूनमधून बीप करतात, 120 च्या वर सतत. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर सपाट पट्ट्यात 100 ची मुभा आहे, तिथेही 80 ओलांडले की सुरूच. नियमाने दिलेली मुभा आणि नियमाने बसवलेली भुणभुण एकाच गाडीत शेजारी शेजारी चालतात. अशा वेळी मधला तो कोणी नसता तर बरं, असं वाटतंच. वाटू द्या. पुढे जाऊ.

आता किल्ली ‘ऑन’पर्यंत फिरवा, स्टार्टपर्यंत नको. स्टार्टचं बटण असेल तर क्लच किंवा ब्रेक न दाबता ते एकदा-दोनदा दाबा, म्हणजे इंजिन सुरू न होता दिवे जागे होतील. इंडिकेटरची दांडी खाली करा आणि कान द्या. टिक-टॉक, टिक-टॉक.

हा आवाज कुठून येतो आहे?

पूर्वी डॅशबोर्डखाली एक लहान डबी असायची, तिला फ्लॅशर म्हणत. आत दोन धातूंची एकत्र जोडलेली पट्टी. इंडिकेटरच्या बल्बकडे जाणारा करंट तिला तापवी, तापली की ती वाके, वाकली की करंट तुटे, तुटला की ती थंड होऊन परत जुळे. प्रत्येक वाकण्याला टिक, प्रत्येक जुळण्याला टॉक. आवाज म्हणजे कामाचाच आवाज होता. पुढे इलेक्ट्रॉनिक रिले आले. त्यांत एखादा बल्ब गेला की टिकटिक दुप्पट वेगाने होई, आणि ड्रायव्हरला न उतरता कळे की एक डोळा फुटला.

आता बऱ्याच गाड्यांत ती पट्टीही नाही आणि रिलेही नाही. पेटीतली चिप कोणताही भाग न हलवता बल्बचा पुरवठा चालू-बंद करते. तिला आवाजच नाही. तुम्ही ऐकता आहात तो मीटरमागच्या छोट्या स्पीकरमधून मुद्दाम सोडलेला आवाज आहे, कारण आवाज नसेल तर लोक दांडी तशीच विसरतात. मिनिटाला 90 वेळा, 30 कमी किंवा 30 जास्त चालतील, अशी आंतरराष्ट्रीय नियमांतली मर्यादा आहे. मनगटावर बोट ठेवलंत तर नाडी आणि इंडिकेटर थोडा वेळ जुळतील, मग सुटतील.

गंमत पुढे आहे. चिप बल्बला वीज देते तेव्हाच तो किती ओढतो आहे तेही मोजते. 21 वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो. तेवढा करंट गेला नाही तर पेटी समजते की बल्ब गेला, आणि स्वतःहून टिकटिक दुप्पट करते. जुना रिले जी खूण देत होता तीच ही देते, तुम्हाला तिची सवय आहे. मग कोणी हौसेने बल्ब काढून एलईडी बसवतो. एलईडी अगदी थोडा करंट ओढतो. पेटीच्या मते बल्ब गेला. टिकटिक दुप्पट. ॲक्सेसरीच्या दुकानात यावर तोडगा तयार असतो: एलईडीला समांतर एक रेझिस्टर जोडायचा. तो काही उजेड देत नाही, नुसता तापतो, आणि पेटीला वाटतं की बल्ब आहे. वाचवलेली वीज अशी जाळून टाकायची. पेटीला दिवा दिसत नाही, तिला करंट दिसतो, आणि तेवढ्यावरून ती जगाबद्दल मत बनवते. इंडिकेटर बंद करा.

आता आणखी आत जाऊ. ही पेटी एकटी नाही. वेग तिला स्वतःला कळत नाही, तो ब्रेकच्या पेटीकडून येतो. इंजिन चालू आहे का ते इंजिनच्या पेटीकडून. पाऊस पडतो आहे का ते काचेमागच्या सेन्सरकडून, असला तर. ही सगळी बोलणी बहुतांश दोनच तारांवर चालतात. या तारा एकमेकींना पीळ घालून गाडीभर फिरवलेल्या असतात, आणि त्यांच्यावरच्या बोलण्याच्या पद्धतीला कॅन म्हणतात. बॉश कंपनीने 1983 मध्ये काम सुरू केलं, 1986 मध्ये डेट्रॉइटला ती जगापुढे ठेवली. त्याआधी प्रत्येक बातमीला वेगळी तार लागे. गाडीत सोयी वाढत गेल्या तसा तारांचा भारा इतका जाड होऊ लागला की तो दाराच्या बिजागरीतून न्यायचा कसा हाच प्रश्न झाला.

त्या दोन तारांकडे मन न्या. कोणी बोलत नसताना दोन्हींवर अडीच व्होल्ट असतात. कोणाला ‘शून्य’ म्हणायचं असेल तर तो एक तार साडेतीनवर ओढतो आणि दुसरी दीडवर ढकलतो. ‘एक’ म्हणायचं असेल तर काहीच करत नाही, तारा अडीचवर राहू देतो. शून्य म्हणजे करणं, एक म्हणजे न करणं. प्लगच्या हजारो व्होल्टच्या ठिणगीचा शिंतोडा उडाला तर तो दोन्ही तारांवर सारखाच उडतो, आणि ऐकणारा फक्त दोघींमधलं अंतर बघत असल्याने त्याला फरक पडत नाही.

इथे मधे बसून ‘आता तू बोल, आता तू’ म्हणणारं कोणी नाही. तार रिकामी दिसली की कोणीही सुरुवात करावी. मग दोघांनी एकाच क्षणी सुरुवात केली तर? हा क्षण सावकाश उलगडून बघू.

समजा ब्रेकच्या पेटीला वेग सांगायचा आहे आणि त्याच क्षणी एसीला तापमान. प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला अकरा अंकांचा क्रमांक असतो, शून्य आणि एक यांचा. तो पाठवणाऱ्याचा किंवा घेणाऱ्याचा पत्ता नव्हे. तो विषयाचा क्रमांक आहे. महत्त्वाच्या विषयाला लहान क्रमांक. दोघेही पहिला अंक टाकतात: शून्य आणि शून्य. तारेवर शून्य. दोघांनाही ऐकू येतं ते आपलंच. दुसरा अंक: ब्रेक म्हणतो शून्य, एसी म्हणतो एक. ब्रेकने तारा ओढल्या, एसीने नुसत्या सोडल्या. तारेवर अर्थातच शून्य. एसी बोलता बोलता ऐकतही असतो. आपण एक म्हटलं आणि शून्य ऐकू आलं, म्हणजे आपल्यापेक्षा महत्त्वाचं कोणीतरी बोलतं आहे. तो तिथेच थांबतो. ब्रेकच्या निरोपातला एक अंकही बिघडत नाही. आपल्याबरोबर आणखी कोणी बोलायला लागलं होतं हे ब्रेकला कधी कळतच नाही. त्याचा निरोप पुरा व्हायला साधारण पाव मिलिसेकंद लागतो, मग एसी पुन्हा पहिल्या अंकापासून सुरुवात करतो.

हे जमायचं तर एक अट आहे. गाडीच्या एका टोकाने टाकलेला अंक दुसऱ्या टोकापर्यंत पोचून, तिथला अंक परत ऐकू येईपर्यंत बोलणाऱ्याने पुढचा अंक टाकायचा नाही. म्हणून प्रत्येक अंक पुरेसा लांब लागतो. सेकंदाला पाच लाख अंकांच्या वेगात एकेक अंक दोन मायक्रोसेकंद टिकतो. वेग दुप्पट केला तर तारेची लांबी चाळीसेक मीटरच्या वर नेता येत नाही. सगळ्यात लांबच्या ऐकणाऱ्यासाठी सगळ्यांनी हळू बोलायचं, असा हा बंदोबस्त आहे.

यातून माणसांसाठी बोध काढायचा मोह होतो. काढू नका. एसीला अहंकार नाही, म्हणून त्याला तो सोडावाही लागत नाही.

निरोपाच्या शेवटी बोलणारा एक जागा मोकळी सोडतो. ज्या ज्या पेटीला निरोप धड मिळाला, ती त्या जागेवर शून्य ओढते. पोचलं. कोणाला पोचलं ते बोलणाऱ्याला कळत नाही, कोणाला तरी पोचलं एवढं कळतं. आणि एखाद्या पेटीला निरोपात खोट वाटली तर ती लागोपाठ सहा शून्यं टाकून तो निरोप मोडून काढते. एरवी लागोपाठ पाच सारखे अंक झाले की एक उलटा अंक घालायचाच असा नियम आहे, त्यामुळे सहा सारखे अंक म्हणजे उघड ओरडा. मग ज्यांना निरोप बरोबर वाटला होता तेही तो टाकून देतात, आणि बोलणारा पुन्हा पाठवतो. अर्ध्यांनी खरं मानलेलं आणि अर्ध्यांनी खोटं मानलेलं असं काही तारेवर उरत नाही.

पण ओरडणारीच पेटी बिघडलेली असेल तर? तिने प्रत्येक निरोप मोडला तर गाडी मुकी होईल. यासाठी प्रत्येक पेटी स्वतःचा हिशेब ठेवते. पाठवताना चूक झाली तर आठ गुण वाढवायचे, निरोप नीट गेला तर एक कमी करायचा. गुण 127 च्या वर गेले की दुसऱ्यांचे निरोप मोडायचा हक्क गेला. 255 च्या वर गेले की तारेवरून आपण होऊन बाजूला व्हायचं, चकार शब्द काढायचा नाही. परत यायचं असेल तर आधी अकरा ‘एक’ लागोपाठ ऐकायचे, म्हणजे तेवढा वेळ तारेवर शांतता. आणि असं 128 वेळा. मग गुण पुन्हा शून्यावर. हे सगळं कोणाच्या सांगण्यावरून होत नाही. पेटी स्वतःला बाहेर काढते. ज्यांनी ही रीत आखली त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. बिघडलेल्याला ओळखायचं काम त्यांनी बिघडलेल्यावरच सोपवलं आणि ते चाललं.

बीसीएमच्या आत आणखी एक पहारा आहे, त्याला वॉचडॉग म्हणतात. तो म्हणजे एक उलटा मोजणारा काटा. पेटीतला प्रोग्राम ठरलेल्या वेळेत येऊन तो काटा पुन्हा मागे सारतो. प्रोग्राम कुठे अडकला, एकाच जागी गरगरत राहिला, तर काटा शून्यावर येतो आणि पेटी सरळ पुन्हा सुरू होते. आणि ती पुन्हा सुरू होत असताना तुम्ही रात्री वरंधा घाट उतरत असलात तर? तेवढ्यासाठी हेडलाइटच्या चिपला वेगळी वाट ठेवलेली असते: प्रोग्राम बेशुद्ध पडला तरी डिपर जळता राहावा. पेटीने अर्जांची छाननी थांबवली की दिवा आपला चालू. हे कळल्यावर मगाशी आलेली चीड थोडी उतरते, निदान माझी उतरली.

आता चावी बंद करा, उतरा, दार लावा, रिमोटने कुलूप घाला. गाडीशेजारी उभे राहा. तुम्हाला वाटतं ती झोपली. अजून नाही. आत काही मिनिटं बोलणी चालू राहतात, मग एकेक पेटी गप्प होते आणि शेवटी तारेवर कोणी बोलत नाही. बीसीएम मात्र सेकंदात अनेकदा निमिषभर डोळा उघडते आणि रिमोटची हाक येते आहे का बघते. हाक आली तर ती दरवेळी वेगळ्या आकड्याची हवी. कालचा आकडा आज चालत नाही. त्या हाकेसाठी ती जागी राहते, आणि त्याची किंमत बॅटरी देते. सगळी गाडी मिळून 20 मिलिअँपिअर धरा. दिवसाला जवळजवळ अर्धा अँपिअर-तास. हॅचबॅकची बॅटरी 35 ची. महिन्यात चौदा-पंधरा गेले. जुनी बॅटरी असेल तर तेवढ्यावर सेल्फ कुरकुरायला लागतो. 2020 च्या टाळेबंदीत गल्लोगल्ली गाड्या मेल्या त्या अशा, जागच्या जागी उभ्या राहून, कोणी काही न करता.

पेटी बिघडते तेव्हा काय होतं? खरं सांगायचं तर बहुतेकदा पेटी बिघडतच नाही. पावसाळ्यात व्हायपरखालच्या जाळीत पानं साचतात, पाण्याला वाट राहत नाही, ते झिरपत डॅशबोर्डखाली येतं. उंदीर तारा कुरतडतात. बॉडीला अर्थिंग दिलेला बोल्ट गंजतो. मग काचा मनात येईल तेव्हा चालतात, हॉर्न रात्री आपण होऊन वाजतो. स्कॅनर लावला की ‘अमक्या मॉड्यूलशी संपर्क तुटला’ असा कोड येतो, आणि मॉड्यूल बदलायचं एस्टिमेट हातात पडतं. जुना वायरमन आधी बॅटरी काढतो, स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये 6 आणि 14 नंबरच्या पिनांवर मीटर लावतो. 60 ओहम आले तर त्याचा चेहरा निवळतो. तारेच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचे रेझिस्टर असतात, दोन्ही जागेवर असले की 60. 120 आले तर बहुधा कुठेतरी तार तुटली आहे, आणि तुटलेली तार कोणतीही नवी पेटी जोडणार नाही. तारा शाबूत असल्या तर तो पत्र्यावर आडवा पडून गंजलेला बोल्ट घासायला लागतो. असा माणूस तुमच्या भागात असेल तर त्याचा नंबर जपून ठेवा.

एक गोष्ट उरली. अपघातात एअरबॅगची पेटी धडक ओळखते आणि तारेवर तसा निरोप टाकते. तो ऐकून बीसीएम दारांची कुलपं उघडते आणि चारही इंडिकेटर लावते. पण पाण्यात असा निरोप टाकणारं कोणी नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, आणि मुंबईत काही माणसं बंद गाड्यांत गुदमरून गेली. बाहेरून पाण्याचा दाब, आतून वीज गेलेली. अर्ज करायला बटण होतं, घ्यायला कोणी नव्हतं. पुढची काच दोन थरांची असते, ती फुटून पडत नाही. बाजूची फुटते, टोकदार हातोडीने, कोपऱ्यात मारली तर. अशी हातोडी हाताला लागेल अशी ठेवा. डिकीत ठेवलेली हातोडी डिकीतच राहते.

आणि आता रिमोट उलटा करा. बाजूला एक बारीक खटका असेल, तो सरकवा. आतून धातूची छोटी चावी निघेल. कित्येकांनी ती गाडी घेतल्यापासून बाहेर काढलेली नसते. ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलवर किल्लीचं भोक शोधा, काही गाड्यांत ते टोपणाखाली लपवलेलं असतं. चावी घाला आणि फिरवा. जड जाईल, जोर करू नका, थोडी मागेपुढे हलवा. हे दार अर्ज न करता उघडतं. सळई कुलपाला ओढते, बस्स. फक्त एक ध्यानात ठेवा: दार उघडल्याचं पेटीला कुलपातल्या स्विचकडून कळतंच, आणि रिमोटने लावलेली गाडी कोणीतरी चावीने उघडली याचा तिच्या लेखी एकच अर्थ होतो. बऱ्याच गाड्यांत हॉर्न बोंबलायला लागेल, चारही इंडिकेटर लुकलुकतील आणि वॉचमन धावत येईल. घाबरू नका, रिमोटवरचं बटण दाबा.